आपली पंचगंगा आणि आपले ओढे



लागण, खताचे हप्ते, तोडणीचा कार्यक्रम यांविषयी आपण या पानावर नेहमी बोलतो. आज ज्या पाण्यावर आपला ऊस उभा आहे, त्याच्या नावांचा थोडा अभ्यास करू.

बांधाकडेने पावसापुरती वाहते ती ओघळ. ओघळी मिळून ओढा, ओढे मिळून नदी. ओघळीला कुणी वेगळं नाव देत नाही. ओढ्याला बहुधा गावाचं, देवाचं नाहीतर झाडाचं नाव असतं.

आता पंचगंगेचेच पाहा. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या पश्चिमेच्या डोंगरातून येतात आणि करवीर तालुक्यात प्रयाग चिखलीपाशी चौघींचे पाणी एक होते. नद्या चार, मग नाव ‘पंच’गंगा कसे? पाचवी सरस्वती, ती गुप्त आहे, अशी परंपरा आहे. संगमाच्या पुढे चौघींपैकी एकीचेही नाव चालत नाही. सुमारे ८० किलोमीटर वाहून नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. तिथे पंचगंगा हे नावही संपते. दाजीपूरच्या रानात पडलेला पाऊस ओढा, भोगावती, पंचगंगा, कृष्णा अशी नावे बदलीत बंगालच्या उपसागराला जातो. पाणी मात्र तेच!

या नद्यांची नावे कारखान्यांनीही घेतली. कुडित्र्याचा कुंभी-कासारी, परित्याचा भोगावती, इचलकरंजीजवळचा पंचगंगा. त्यामुळे ही नावे पुसली जाण्याची भीती नाही. भीती आहे ती ओढ्यांची.

कोल्हापूरच्या पुढे पंचगंगेला मिळणारा एक ओढा आळत्याच्या डोंगराकडून येतो. १८८६ च्या कोल्हापूर गॅझेटियरात त्याची नावे दोन दिली आहेत, हातकणंगल्याचा किंवा कबनूरचा. ज्या गावाजवळून वाहिला त्या गावाने त्याला आपला म्हटले, एवढाच याचा अर्थ. आपलं म्हटलं की राखणही होते.

आज कैक शिवारांत ओढ्याचे नाव फक्त म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. पोरं म्हणतात, ‘तो नाला’. नाव गेलं की नांगराचा एक एक तास पुढे सरकतो, काठाची झाडं जातात, पात्राची चारी होते. मग २००५, २०१९, २०२१ सारखा महापूर आला की नदीचा फुगवटा ओढ्यात शिरतो, वरचे पाणी खाली उतरत नाही आणि ऊस दिवसेंदिवस बुडून राहतो. पोंग्यात गाळ बसला की तो ऊस हाती लागत नाही. सगळा दोष ओढा अडविण्याचा नाही हे खरे. पण आपल्या हातातला दोष तेवढाच आहे.

कायदाही ध्यानात ठेवावा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले, खाजगी मालकी सिद्ध होत नसेल तर, सरकारी मालकीचे आहेत.

तेव्हा आम्ही एवढेच सुचवितो. गावनकाशा मिळवा. चावडीत बसून वडीलधाऱ्यांना विचारा आणि प्रत्येक ओढ्याचे नाव, उगम आणि तो कुठे मिळतो हे वहीत लिहून काढा. हे काम शाळेच्या पोरांना द्यावे, ती आवडीने करतील. पुढच्या पावसाआधी त्याच वहीवरून ओढा बांधापासून संगमापर्यंत एकदा चालून पाहावा.