त्यांनाही काम सांगा

१० जुलै २०२४ची सकाळ आठवते? सव्वासातच्या सुमारास हिंगोली, नांदेड, परभणीकडची घरं हादरली. ४.५ रिश्टरचा धक्का, आणि केंद्र आपल्या कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याच्या भागात. त्याच वर्षी २१ मार्चलाही भल्या सकाळी असंच झालं होतं. वारंगा फाट्याच्या आसपासच्या गावांतली लेकरं पुण्यात, मुंबईत, हैदराबादेत आहेत. बातमी कळताच त्यांनी घरी आईबाबांना फोनवर फोन लावले. आणि घरोघरून साधारण एकच उत्तर आलं, "काही नाही झालं रे, भांडी वाजली जराशी. तू डबा घेतलास का? उशीर होईल तुला."

जमीन हलली त्यांची, आणि काळजी आपल्या डब्याची.

रोजचा फोन तसा आपण सगळेच करतो. सिग्नलला थांबल्यावर, पोळ्या लाटता लाटता, मुलांचा अभ्यास घेता घेता. "जेवलात? गोळी घेतली? बीपी मोजलं का?" तिकडून "हो, हो" येतं. दोन मिनिटांत फोन संपतो. आपला जीव भांड्यात पडतो आणि त्यांचा दिवस होता तसाच पुढे सरकतो. माया असतेच त्यात. वेळ नसतो, म्हणून चौकशी तेवढी उरते.

पण बघा, ज्या माणसाने दुष्काळात घर ओढलं, बहिणींची लग्नं लावली, आपल्या फीची सोय केली, त्याला आता दिवसभरात कोणी काही विचारत नाही. विचारलंच तर गोळीचं. म्हातारपणी माणूस एकटेपणाने खचतो हे खरंच. पण आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही, या जाणिवेने तो त्याहून जास्त खचतो, असं मला फार वाटतं.

म्हणून त्यांना काम सांगावं. मन राखण्यापुरतं नाही, खरोखरचं.

आपल्या भागात हळद. ती काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करून पोत्यांत भरायची. आणि मग खरा प्रश्न, आत्ताच मोंढ्यावर न्यायची की भाव चढायची वाट बघायची? हा निर्णय बाबांनी जन्मभर घेतला. २०२४मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे अशाच हातांची जाण आहे. आणि आपण पुण्यात बसून मोबाईलवर भाव बघतो नि म्हणतो, "बाबा, विकून टाका." त्याऐवजी "तुम्हाला काय वाटतं?" विचारून पाहा, आणि त्यांनी सांगितलं तसं होऊ द्या. दोन पैसे कमी आले तरी चालतील. शेत बटईने दिलं असलं तरी बेणं कोणतं धरायचं, हे त्यांच्याकडूनच ठरू दे.

आईचंही तेच. लोणच्याचा मसाला यूट्यूबवर सापडतो, ठाऊक आहे. तरी फोन स्पीकरवर ठेवून, तिच्याशी बोलत बोलत कैरी चिरा. मीठ किती म्हटल्यावर ती "अंदाजाने" म्हणणार, आणि अंदाज समजावताना अर्धा तास जाणार. तो अर्धा तास तिचा असतो.

आणखी एक. आपल्या अडचणी आपण त्यांना सांगत नाही. नोकरीत ताण आहे, घराचा हप्ता जड जातोय. उगीच त्यांना घोर कशाला? तेही सांगत नाहीत. गुडघा दुखतो, रात्री एकटं भ्या वाटतं. लेकाची सुट्टी कशाला मोडा? दोन्हीकडची माणसं एकमेकांना जपत जपत लांब होत जातात. सुरुवात आपणच करावी. "बाबा, या महिन्यात ओढाताण आहे" इतकं म्हटलं तरी त्यांच्या आवाजात जोर येतो, ते काहीतरी सुचवतात. आणि मग आईही सांगून जाते की मागच्या हप्त्यात न्हाणीत चक्कर आली होती. हे गोळीच्या चौकशीत कधीच बाहेर येत नाही.

आता आपल्या लेकरांचं. व्हिडिओ कॉल लागला की आपण त्यांना ओढून आणतो, "बोल ना आजीशी!" ते लाजतं, फोन टाकून पळतं, आणि आजीला छताचा पंखा दिसत राहतो. आपल्याला वाईट वाटतं, आपण रागावतो. पण त्याला माया नाही असं नसतं. दिवाळी नि उन्हाळ्यापुरत्या भेटणाऱ्या माणसाशी हुकमावर काय बोलायचं, हे त्याला सुचत नाही. त्याला एखादा प्रश्न द्यावा आणि आपण तिथून उठून जावं. "आजोबा, भूकंप आला तेव्हा आवाज कसा आला?" मग आजोबा सांगतात, खालून ट्रक गेल्यागत गडगड झालं, पत्रे थरथरले, गोठ्यातली गाय उभी राहिली. पोरगं डोळे मोठे करून ऐकतं, आणि पुढचा फोन स्वतःहून मागतं.

मुलं कधी झोपताना विचारतात, "आजीला रात्री बरं नसलं तर तिथं कोण असतं?" आपण म्हणतो, झोप आता. कारण तोच प्रश्न आपल्यालाही झोपू देत नसतो.

खरंच, कोण असतं? हे एकदा आईबाबांसोबत बसून, त्यांना विचारून ठरवावं. रात्री नांदेडला न्यायची वेळ आली तर गाडी कोणाची, दवाखान्याची फाइल कुठे, रोख पैसे कोणत्या डब्यात. शेजारच्या ज्या पोराला हाक मारणार, त्याचा नंबर आपल्याकडे हवा. तो आपल्यासाठी पेट्रोल जाळतो, त्याची आठवण सणासुदीला ठेवावी; त्याच्या लेकरांसाठीही एक कपडा घ्यावा. रुग्णवाहिकेचा १०८ आणि ज्येष्ठांच्या मदतीचा १४५६७, हे दोन आकडे भिंतीवर ठळक लिहावेत. चष्म्याशिवाय दिसतील एवढे ठळक.

सुट्टीत गेलो की कागदपत्रंही उरकून घ्यावीत. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला २०२४पासून आयुष्मान कार्डावर कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे, मग उत्पन्न काहीही असो. पण केवायसी त्यांना एकट्याने झेपत नाही. उभा जन्म मातीत राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या. अंगठा मशीनवर उमटत नाही, मागे रांग खोळंबते आणि म्हातारं माणूस ओशाळं होऊन परत फिरतं. अशा वेळी शेजारी आपण उभे असलो, की डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या पडताळणीने काम होतं का, हे धीराने विचारता येतं.

राहिलं त्यांना इकडे आणायचं. "आता कायमचेच या" असं आपण मनापासून म्हणतो, पण चौथ्या मजल्यावर त्यांचा जीव गुदमरतो. यात आपल्या करण्यात काही उणं नसतं. त्यापेक्षा महिनाभर बोलवावं आणि परतीची तारीख आधीच सांगावी. मग ते निवांत राहतात, नातवाला शाळेत सोडायचं काम आनंदाने घेतात. २०२२पासून पंचाहत्तरीपुढच्यांना राज्यात एसटी मोफत आहे, पासष्टपुढे अर्धं तिकीट. तरी एवढ्या लांब त्यांना एकटं येऊ देऊ नये. आणायला आपणच जावं, आणि जमेल तेव्हा पोराला सोबत न्यावं. वारंगा फाट्यावर उतरल्या उतरल्या आजोबांच्या हाताने गरम खिचडी खाल्ली, की पुढच्या खेपेला त्याला "चल" म्हणावं लागत नाही.