संगणकातील विद्यार्थी-नोंदवही उघडत नसेल तेव्हा

विदर्भातील शाळा उन्हाळी सुट्टीनंतर जून महिन्याच्या अखेरीस उघडतात. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि शाळेच्या कार्यालयातील संगणक या काळात बंद खोलीत तसाच पडून राहतो. शाळा उघडताच पहिल्या आठवड्यात त्याच्यावर एकदम काम येऊन पडते. नवी नावे दाखल करावयाची असतात, आणि गाव सोडून जाणाऱ्या मुलांचे दाखले काढावयाचे असतात. संगणकातील नोंदवही उघडत नाही, हे बहुधा याच वेळी लक्षात येते.

उदाहरणादाखल असा प्रसंग घ्यावा. बाळापूर तालुक्यातील एका गावची बाई मुलीला घेऊन शाळेत आली आहे. तिचे बिऱ्हाड आता अकोल्याला जाणार आहे. "गुरुजी, आज दाखला भेटन काय?" असे ती विचारते. गुरुजी संगणक सुरू करतात, नोंदवहीच्या चित्रावर दोनदा टिचकी मारतात. चौकट क्षणभर चमकते आणि नाहीशी होते. पुन्हा टिचकी मारली, तर फाईल दुसऱ्या कोणीतरी उघडलेली आहे, असा संदेश येतो. खोलीत दुसरे कोणीच नसते.

अशा वेळी पहिला विचार मनात येतो तो सगळ्या नोंदी गेल्याचा. पण कार्यक्रम सुरू न होणे आणि माहिती नष्ट होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. कपाटाचे कुलूप अडकले म्हणजे आतील वही जळाली, असे कोणी समजत नाही. खरे नुकसान पुष्कळदा त्यानंतरच्या घाईत होते. कोणी फाईल पुसून जुनी प्रत तिच्यावर चढवितो, तर कोणी संगणक मुळापासून नव्याने भरून घेतो आणि त्यात वर्षावर्षांच्या नोंदी जातात. म्हणून काहीही करण्यापूर्वी ती फाईल आहे तशी पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी, तिच्या नावापुढे त्या दिवसाची तारीख घालावी आणि पुढचे सर्व प्रयोग प्रतीवर करावेत.

काही शाळांतून दाखल-खारीज नोंदी ॲक्सेस या डेटाबेस कार्यक्रमात ठेवलेल्या असतात. हा कार्यक्रम मायक्रोसॉफ्टने 1992 साली प्रथम बाजारात आणला. 2007 पासूनच्या त्याच्या फाईलींच्या नावाअखेर एसीसीडीबी ही अक्षरे असतात. त्यापूर्वीच्या फाईलींना एमडीबी असे. दोष कार्यक्रमात आहे की फाईलीत, हे ओळखण्याचा उपाय सोपा आहे. ॲक्सेस सुरू करून नवी, कोरी फाईल काढावी. ती उघडली, तर कार्यक्रम ठीक आहे. तीही उघडली नाही, तर कार्यक्रमाची दुरुस्ती नियंत्रण-पटलातून करावी. त्या दुरुस्तीत नोंदवहीच्या फाईलीला हात लागत नाही, कारण ती वेगळी असते.

फाईल उघडताच ॲक्सेस तिच्या शेजारी त्याच नावाची एक लहान फाईल निर्माण करतो. तिच्या अखेरीस एलएसीसीडीबी, आणि जुन्या प्रकारात एलडीबी, अशी अक्षरे असतात. फाईल सध्या कोणाकोणाच्या वापरात आहे, याची नोंद तीत राहते. शेवटचा माणूस काम संपवून बाहेर पडला, की ती आपोआप पुसली जाते. वीज मध्येच गेली, तर पुसण्याचे राहून जाते. मागे उरलेली ही फाईल स्वतः फारशी नडत नाही. मागील वेळी काम नीट मिटले नाही, एवढे मात्र तिच्यावरून कळते. कधी ॲक्सेसची चौकट मिटलेली दिसते, पण कार्यक्रम आत अदृश्यपणे चालूच असतो, आणि मग आपल्याच संगणकाने फाईल अडवून धरलेली असते. टास्क मॅनेजर उघडून तो बंद करावा, किंवा संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा. त्यानंतर ही लहान फाईल पुसून पाहावी. संगणकाने पुसू दिले नाही, तर मूळ फाईल अजून कोठेतरी उघडी आहे, असे समजावे. एकाहून अधिक संगणक जोडलेले असतील, तर शेजारच्या खोलीत जाऊन पाहावे.

ही लहान फाईल निर्माण करता आली नाही, तर मुख्य फाईल केवळ वाचण्यापुरती उघडते, नोंद करू देत नाही. नोंदवही सीडीवर ठेवली असेल किंवा त्या फोल्डरात लिहिण्याची परवानगी नसेल, तर असे घडते. अशा वेळी फाईल स्वतःच्या फोल्डरात उतरवून घ्यावी आणि तिच्या गुणधर्मांतील केवळ-वाचनाची खूण काढावी. व्हॉट्सॲप किंवा ई-मेलने आलेल्या फाईलीच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. इंटरनेटवरून आलेल्या फाईलींतील मॅक्रो 2022 पासून मायक्रोसॉफ्टने आपोआप रोखण्यास आरंभ केला. फाईल कोणी पाठविली याची खात्री असेल, तरच गुणधर्मांच्या चौकटीतील अनब्लॉकची खूण करावी.

चौकट चमकून नाहीशी होते किंवा पडदा जागीच थिजतो, तेव्हा दोष पुष्कळदा नोंदींत नसून आरंभीच्या आज्ञांत असतो. उघडताक्षणी अमुक पान दाखवावे, अमुक तक्ता जोडावा, अशा आज्ञा करणाराने फाईलीत घालून ठेवलेल्या असतात. तो तक्ता दुसऱ्या संगणकावर असेल आणि तो संगणक बंद असेल, तर पहिली आज्ञाच अडते. यावर उपाय म्हणजे शिफ्ट कळ दाबून धरून फाईल उघडणे. त्यामुळे आरंभीच्या आज्ञा वगळल्या जातात आणि आतील तक्ते डावीकडे दिसू लागतात. मुलीचे नाव तक्त्यात दिसले, की माहिती शाबूत असल्याची खात्री पटते. मग तुटलेली जोडणी निवांतपणे पुन्हा करता येते. काही फाईलींत शिफ्टची सोय मुद्दाम बंद केलेली असते. तेथे कोरी फाईल काढून तीत जुन्या फाईलीतील तक्ते आयात करावेत.

इतके करूनही उपयोग झाला नाही, तर कॉम्पॅक्ट अँड रिपेअर ही सोय वापरावी, अर्थात प्रतीवर. तीत सर्व नोंदी नव्या फाईलीत नीटपणे मांडल्या जातात. पण वाचता न येणारी नोंद गाळली जाण्याचा संभव असतो, म्हणून आधीची व नंतरची एकूण संख्या कागदी रजिस्टराशी ताडून पाहावी. ॲक्सेसच्या फाईलीचा आकार 2 गीगाबाइटच्या पलीकडे जाऊ शकत नाही. मुलांची छायाचित्रे नोंदींतच साठविणाऱ्या शाळांना हे विशेष सांगितले पाहिजे. छायाचित्रे वेगळ्या फोल्डरात ठेवावीत.

फार जुन्या फाईलींचा प्रश्न वेगळा आहे. ॲक्सेस 97 मध्ये केलेली फाईल 2013 व त्यापुढील आवृत्त्या उघडत नाहीत. ती 2010 किंवा त्याआधीच्या आवृत्तीत रूपांतरित करून घ्यावी लागते. कधी फाईल उघडते, पण नावांच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरे दिसतात. ती बिघडलेली नसते. ती कृतिदेवसारख्या जुन्या टंकात लिहिलेली असते आणि तो टंक या संगणकावर नसतो. टंक बसविला, की नावे वाचता येतात. अशा फाईलींची किंमत कमी लेखू नये. इतर मागासवर्गीयांच्या जातपडताळणीत 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागितला जातो, आणि त्यासाठी आजोबांची शाळेतील नोंद शोधत नातवंडे येतात. नोंद मूळ रजिस्टरातूनच द्यावयाची असते, पण कोणत्या वर्षाचे कोणते पान काढावे, हे संगणकावरून चटकन सापडते.

सुट्टीनंतर आणखी एक बारीक गोष्ट पाहावी. संगणकातील नाण्याएवढी बॅटरी संपली असेल, तर त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते आणि दाखल्यावर तीच चुकीची तारीख छापली जाते. आधी तारीख सुधारावी.

हे सर्व होईपर्यंत त्या बाईने बाकावर बसून राहण्याचे कारण नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 याच्या कलम 5 नुसार मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यावयाचा आहे, आणि दाखला उशिरा आला म्हणून नव्या शाळेला मुलीचा प्रवेश अडविता येत नाही. जनरल रजिस्टर कपाटात आहे. त्यातील नोंद पाहून दाखला हाताने लिहावा, सही-शिक्का करून तिच्या हाती द्यावा आणि स्थळप्रत ठेवावी. संगणक पूर्ववत चालू झाला, की त्या दाखल्याचा क्रमांक व तारीख त्याच दिवशी नोंदवहीत चढवावी. तसे न केल्यास पुढच्या मुलाच्या दाखल्यावर संगणक तोच क्रमांक पुन्हा छापील.