प्रतिपिंड-चिकित्सा : मूषकांवरील प्रयोग आणि वैद्यांचे कर्तव्य

आमवाताचे अनेक रुग्ण आज टीएनएफविरोधी प्रतिपिंडांची इंजेक्शने घेत असतानाच आपल्या चिकित्सालयाची पायरी चढतात. २०१४ मध्ये झायडस कॅडिलाने अडालिमुमॅबची स्वदेशी आवृत्ती कमी किमतीत आणली. त्यामुळे वर्तकनगरसारख्या वस्तीतील वैद्यालाही या औषधाचे कार्य ठाऊक असणे आवश्यक झाले आहे.

टीएनएफ हा मुख्यतः महाभक्षी पेशी व टी-पेशींनी स्रवलेला संदेशवाहक होय. क्षयजंतू शरीरात शिरताच महाभक्षी पेशी त्यास गिळतात. टीएनएफमुळे त्या प्रबळ होतात आणि टी-पेशींसह जंतूंभोवती ग्रंथी रचून त्यांना बंदिस्त ठेवतात. हाच संदेश सांध्यांत शोथ वाढवितो. म्हणून तो रोखल्यास वेदना शमते, परंतु बंदिस्त जंतूंवरील पहाराही सैल होतो.

१९९५ साली जोॲन फ्लिन व सहकाऱ्यांनी टीएनएफ निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे मूषकांना देऊन क्षयाचा संसर्ग घडविला. महाभक्षी पेशी वेळेवर प्रबळ झाल्या नाहीत, जंतू वाढले व मूषक लवकर दगावले. मूषकातील ग्रंथी मानवी ग्रंथीइतकी सुघटित नसते, त्यामुळे असे निष्कर्ष मानवास थेट लावता येत नाहीत. येथे मात्र इशारा खरा ठरला : २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅबनंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. आता चिकित्सेपूर्वी सुप्त क्षयाची तपासणी केली जाते.

यावरून काही पथ्ये निश्चित होतात. प्रत्येक आमवाती रुग्णास अशा इंजेक्शनांविषयी आवर्जून विचारावे. ज्वर, कास वा कार्श्य आढळल्यास केवळ लाक्षणिक चिकित्सा करीत न बसता थुंकी व छातीची तपासणी करवावी. क्षय फुप्फुसाबाहेरही असू शकतो, हे विसरू नये. इंजेक्शन परस्पर बंद करू नये; संबंधित तज्ज्ञास कळवावे.

गुडूचीविषयीही विवेक हवा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व सहकाऱ्यांनी प्रायोगिक प्राण्यांत तिच्यामुळे भक्षकपेशींचे कार्य वाढल्याचे दाखविले. परंतु एका औषधाने शमविलेला प्रतिसाद दुसऱ्याने चेतविणे हितकर ठरेलच, असे त्यावरून सिद्ध होत नाही. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर यकृतदुष्टी झालेले ६ रुग्ण नोंदविले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद राहो, पण औषधी दुकानदार बंधूंनी घनवटी देण्यापूर्वी ‘दुसरे कोणते औषध चालू आहे?’ एवढे विचारावे. त्या एका प्रश्नाने रुग्णाचे प्राण वाचू शकतात.