ठिपका थांबला, आता पुढे काय? : मालवाहतूक ट्रॅकिंगमधलं करिअर

वैनगंगेच्या घाटावरून रेती घेऊन निघालेला हायवा असो, नाहीतर वेकोलिच्या खाणीतून कोळसा नेणारा ट्रक असो, ‘गाडी आत्ता कुठे आहे’ हे सांगणारा एक छोटा डबा आज त्याच्यात बसवलेला असतो. महाराष्ट्रात १ जानेवारी २०२२ पासून गौण खनिजाची वाहतूक करणाऱ्या गाड्यांना जीपीएस बंधनकारक झालं. सावली, मूल, सिंदेवाहीकडच्या लोकांना हे तंत्र जंगलामुळेही ठाऊक आहे. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या, तेव्हा त्यांच्या गळ्यात सॅटेलाइट कॉलर होती.

मग पालक विचारतात, “यात आमच्या पोराला नोकरी मिळेल का?” मिळू शकते. पण केवळ जीपीएस येतं म्हणून कोणी नोकरी देत नाही. डबा बाजारात विकत मिळतो. नकाशावरचा ठिपका भलत्याच जागी थांबला, तर पुढे काय करायचं हे ठरवणारं माणूस मात्र घडवावं लागतं. या क्षेत्रात पगार त्या समजेचा मिळतो.

तंत्र कसं चालतं?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळेचे संदेश पाठवतात. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की यंत्र स्वतःची जागा काढतं. घड्याळात एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतर ३०० मीटरने चुकतं. भारताची स्वतःची ‘नाविक’ प्रणालीही आहे आणि तिचा पहिला उपग्रह इस्रोने १ जुलै २०१३ रोजी सोडला.

उपग्रह फक्त जागा कळायला मदत करतो. ती जागा कचेरीपर्यंत पोचवायला यंत्रात मोबाइलचं सिमकार्ड लागतं. एटापल्ली-भामरागडच्या जंगलात नेटवर्क गेलं, तर चांगलं यंत्र नोंदी साठवून ठेवतं आणि नेटवर्क येताच एकदम पाठवतं. हे माहीत नसलेला नवखा मुलगा ‘गाडी गायब झाली’ म्हणून गोंधळ घालतो.

कंटेनरची अडचण आणखी वेगळी. ट्रकची बॅटरी यंत्राला वीज देते, साध्या कंटेनरला वीजच नसते. त्यामुळे यंत्र बराच वेळ झोपून राहतं आणि ठरल्या वेळी जागं होऊन जागा कळवतं. लोखंडी पेटीच्या आत आकाश दिसत नाही, म्हणून ते बाहेरच्या बाजूला, बहुधा दारावर बसवतात. शिवाय सगळं काम जीपीएसवर चालत नाही. २०१६ मध्ये न्हावाशेवा बंदरापासून सुरू झालेल्या ‘लॉजिस्टिक्स डेटा बँक’मध्ये कंटेनरला आरएफआयडी टॅग लावतात. त्यातून कंटेनर कोणत्या फाटकातून कधी गेला ते कळतं, मधल्या रस्त्याचं काही कळत नाही. दोन्हींतला हा फरक नीट सांगता आला, तर मुलाखतीत तुमची छाप पडेल.

कामं कोणती?

पहिलं काम यंत्र बसवणं आणि दुरुस्त करणं. वायरिंग, फ्यूज, बॅटरी, अँटेना यांत हात बसलेला लागतो. दुसरं काम कंट्रोल रूममधलं. गाडी ठरलेल्या हद्दीबाहेर गेली, म्हणजे जिओफेन्स ओलांडला, की इशारा वाजतो. तेव्हा चालकाला फोन करून पंक्चर आहे, जेवण चाललंय की माल उतरवला जातोय, हे न भांडता काढून घ्यावं लागतं. तिसरं काम आकड्यांचं. वजनकाट्याची पावती, ई-वे बिल आणि गाडीचा मार्ग यांचा मेळ इथे घालतात. चौथं काम सॉफ्टवेअर आणि नकाशांचं. पाचवं निर्यातीच्या कागदपत्रांचं. त्यासाठी नागपुरात अजनीला कॉनकॉरचा कंटेनर डेपो आहे आणि त्या धंद्याला धरून कस्टम ब्रोकर, फ्रेट फॉरवर्डर यांच्या कचेऱ्या असतात.

शिक्षण कोणतं घ्यावं?

दहावीनंतर आयटीआयचे इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, मोटर मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन किंवा कोपा हे ट्रेड उपयोगी पडतात. त्यानंतर अप्रेंटिसशिप चुकवू नका. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्यांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे. शासकीय तंत्रनिकेतन गडचिरोलीलाही आहे आणि ब्रह्मपुरीलाही.

बारावी विज्ञान झालेल्यांना चंद्रपूरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय जवळ पडतं. वाणिज्यवाल्यांनी बी.कॉम. करत एक्सेल आणि जीएसटी पक्कं करावं. भूगोलवाल्यांनी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर शिकावं. देहरादूनची इस्रोची संस्था, आयआयआरएस, उपग्रह-नकाशांचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत घेते.

पालकांचे तीन प्रश्न

*घराजवळ काम मिळेल का?* यंत्र बसवण्याचं आणि खाणी-कारखान्यांच्या कंट्रोल रूमचं काम चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस भागात शोधता येतं. सॉफ्टवेअर आणि निर्यातीसाठी नागपूर, पुणे, मुंबईची तयारी ठेवावी.

*मुलींना जमेल का?* यातलं एकही काम मुलींच्या आवाक्याबाहेरचं नाही. कंट्रोल रूमला रात्रपाळी असते, म्हणून जाण्यायेण्याची सोय रुजू होण्याआधीच विचारून घ्या. आणि फीच्या धास्तीने मुलीला थांबवू नका. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घटकांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना शासनाच्या प्रवेशप्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयं’ योजना आहे.

*पगार किती?* सुरुवात साधीच असते. दोन-तीन वर्षं स्क्रीनकडे नुसतं बघत बसलेला तिथेच राहतो. त्याच काळात आकडेवारी किंवा कागदपत्रं शिकलेला वरच्या कामाला जातो. ‘तीन महिन्यांत जीपीएस तज्ज्ञ, नोकरीची हमी’ अशा जाहिरातीला मात्र पैसे देऊ नका. आधी मान्यताप्राप्त ट्रेड किंवा पदवी, मग त्यावर हे तंत्र, असाच क्रम ठेवा.

घरच्या घरी एक चाचणी

कंटेनरच्या दारावर चार अक्षरं आणि सात आकडे असतात. शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून निघतो. ए म्हणजे १०, बी म्हणजे १२, सी म्हणजे १३ अशा किमती अक्षरांना द्यायच्या, मात्र ११, २२ आणि ३३ वगळायचे. मग दहा जागांच्या किमतींना ओळीने १, २, ४, ८ असं दुप्पट करत ५१२ पर्यंत गुणायचं, बेरीज करायची आणि ११ ने भागायचं. उरलेली बाकी हा शेवटचा आकडा. बाकी १० आली तर शून्य.

रस्त्यावर दिसलेल्या कंटेनरचा नंबर टिपून मुलाला किंवा मुलीला हे गणित एक्सेलमध्ये मांडायला सांगा. उत्तर पहिल्या फटक्यात येणार नाही आणि तसं येण्याची गरजही नाही. चूक कुठे झाली हे शोधायला ते पुन्हा त्याच ओळीवर बसतं का, एवढंच बघा. बसत असेल, तर प्रवेशअर्ज भरायला हरकत नाही.