दीक्षाभूमीची रजा: मागावी कधी आणि घ्यावी कशी



ऑगस्टमध्ये विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन चालू असते. रविवारी वाचन संपून चहा आला की आम्ही भगिनींना एकच प्रश्न विचारतो, “दसऱ्याच्या रजेचा अर्ज दिला का?” बहुतेक जणी हसतात. “अजून दोन महिने आहेत ताई,” म्हणतात. मग ऑक्टोबर उजाडतो आणि त्याच जणी धावत येतात. साहेब रजा देत नाहीत, सुपरवायझर म्हणतो सीझन आहे, मॅडमच्या घरी दिवाळीची साफसफाई निघाली आहे. रजेचा विषय आरोग्याच्या पानावर कशाला, असे कोणी म्हणेल. पण वॉर्डात काढलेल्या वर्षांत आम्ही जेवढी आजारपणे बघितली, त्यांतली कितीतरी न मिळालेल्या रजेची होती, आणि काही तर चुकीच्या पद्धतीने मिळवलेल्या रजेची होती.

पहिल्यांदा आमचीच गोष्ट सांगतो. नर्सिंगचा डिप्लोमा करून नोकरीला लागलो त्यानंतरची चार-पाच वर्षे. पाऊस ओसरला की हॉस्पिटलात डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, गॅस्ट्रो यांची रांग लागते. खाटा भरतात, जमिनीवर गाद्या पडतात. त्याच सुमारास मेट्रन ऑफिसच्या बाहेर कागद लागतो, ‘पुढील सूचनेपर्यंत सर्व रजा बंद.’ आणि त्याच सुमारास अशोक विजयादशमी येते. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली तेव्हा आमचे आजोबा तिथे होते. घरातले सगळे निघालेले. आम्ही रजा मागितली, ती मिळाली नाही. मग इन्चार्ज सिस्टरांनी तोड काढली. आधी दोन डबल ड्युट्या करून दे, म्हणजे तुझे दोन दिवस सुटतील. आम्ही आनंदाने हो म्हटले.

दोन डबल ड्युट्या केल्या. तशाच स्टेशनवर गेलो. जनरल डब्यात दाराजवळ बसून मुंबई ते नागपूर. दीक्षाभूमीवर दिवसभर उभे, रात्री मैदानात सतरंजीवर. दुसऱ्या दिवशी परतीची गाडी, तीही तशीच. उतरल्यावर घरी जाऊन आंघोळ केली आणि सरळ नाइटला हजर झालो. पहाटे साडेतीन-चारच्या सुमारास एका पेशंटसाठी अँटिबायोटिक विरघळवायचे होते. त्यासाठी डिस्टिल्ड वॉटर लागते. आम्ही सिरिंजमध्ये ओढले ते पोटॅशियम क्लोराइड. दोन्हींची छोटी प्लॅस्टिकची नळी, दोन्ही पाण्यासारखी, एकाच ट्रेमध्ये पडलेली. पोटॅशियम पातळ न करता शिरेत गेले तर हृदय बंद पडते. शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ मुलीने लेबल वाचले आणि म्हणाली, “सिस्टर, हे केसीएल आहे ना?”

त्या पेशंटला काही झाले नाही. त्याला हे कधी कळलेही नाही. आम्हाला मात्र ती पहाट आजही जशीच्या तशी आठवते.

माणूस सलग १७ तास जागा राहिला की त्याचे हात आणि डोके थोडी दारू घेतलेल्या माणसासारखे चालू लागते. २४ तास झाले की त्याहून वाईट. हे १९९७ मध्ये प्रयोग करून मोजले गेले आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून सांगितले की आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्याला, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यापेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. आपल्या वस्तीत ५५ तास कोण करत नाही? सिक्युरिटीला असलेले भाऊ बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात. म्हणून आधी डबल ड्युटी करून ‘फेडलेली’ रजा ही रजाच नव्हे. काम तेवढेच राहते आणि झोप मात्र जाते.

आता दुसरा मार्ग, ज्याला आमच्याकडे ‘सिक टाकणे’ म्हणतात. रजा मिळत नाही ना, मग ओळखीच्या डॉक्टरकडून पोट बिघडल्याचा कागद आणायचा. हे करणाऱ्यांना आम्ही नावे ठेवत नाही, मार्गच उरत नाही तेव्हा माणूस हे करतो. पण नुकसान कोणाचे होते ते बघा. आजारपणाची रजा मोजकी असते. ती ऑक्टोबरात संपवली, आणि डिसेंबरात खरोखर डेंग्यू झाला, की अंगात ताप घेऊन कामावर जावे लागते. शिवाय पुढच्या वेळी तुम्ही खरेच कण्हत असाल तरी साहेब म्हणणार, हिचे नेहमीचेच आहे. आणि तुमच्या जागी ऐनवेळी जिला थांबवून घेतात ती सकाळपासून उभी असलेली बाई असते. तिच्या घरी लहान लेकरू असते.

मग करायचे काय? वेळेआधी आणि लेखी मागायचे.

रजा पगारी असावी ही गोष्ट कामगाराला फुकट मिळालेली नाही. बाबासाहेब जुलै १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या काळात, १९४५ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यातल्या कामगाराला बारा महिने काम केल्यावर सलग दहा दिवसांची पगारी सुट्टी कायद्याने मिळाली. ‘बारमाही’ हा शब्द लक्षात ठेवा. हंगामी कारखाने त्यात नव्हते. हंगामातल्या माणसाची रजा तेव्हा राहून गेली, आणि उसाच्या फडात ती आजही नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एक दिवस चुकला की खाडा, म्हणजे वर दंड. पाळी असो, बाळंतपण जवळ आलेले असो, खाडा माफ नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड भगिनींच्या गर्भपिशव्या काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यावर या पानावर स्वतंत्र लिहायचे आहे. इथे एवढेच बघा की हंगामात रजा न मिळण्याची किंमत बाईचे शरीर कुठपर्यंत देते.

कायद्याने तुमच्या हातात काय आहे ते आता बघू. कारखान्यासाठी १९४८ च्या कायद्याने वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे १ दिवस पगारी रजा ठरवली. नव्या कामगार संहितेत ती अट १८० दिवसांवर आली. १९४८ च्या कायद्यात अर्ज किमान १५ दिवस आधी द्यायचा, असे होते. आम्ही म्हणतो दोन महिने आधी द्या. त्याच कायद्यात असेही होते की वेळेत मागितलेली रजा नाकारली, तर ते दिवस बुडत नाहीत, पुढच्या वर्षात जमा होतात. पण हे सिद्ध करायला अर्जाची प्रत हवी. तोंडी मागितलेल्या रजेचा पुरावा नसतो. दोन प्रती करा, एकीवर तारखेसह सही-शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर व्हॉट्सअ‍ॅपवर अर्जाचा फोटो पाठवा, तेवढे तरी राहते.

दुकान, मॉल, हॉटेल, खासगी ऑफिस यांत काम करणाऱ्यांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. तो झाला तेव्हा दहा किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी लागू होता. संख्येच्या अटी सरकार बदलत असते, म्हणून आपल्या दुकानाचे काय ते जवळच्या कामगार कार्यालयात विचारून घ्या. या कायद्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा आहेत, दर २० दिवसांमागे १ रजा आहे, आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. पण आपल्यासाठी सगळ्यात कामाचे कलम दुसरेच आहे. सणांच्या ८ पगारी सुट्ट्या. त्यांतल्या चार ठरलेल्या, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी मिळून ठरवायच्या. वर्ष सुरू होण्यापूर्वी, म्हणजे डिसेंबरात. त्या वेळी आपण गप्प बसतो. मालक स्वतःच्या सोयीच्या तारखा लिहून टाकतो आणि मग आपण एप्रिलमध्ये १४ तारखेसाठी हात जोडत उभे राहतो. दुकानात आपले पाच जण असतील तर पाच सह्यांचा एक कागद डिसेंबरात द्या. १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, विजयादशमी, ६ डिसेंबर, जे जमेल ते मागा. चारपैकी दोन मिळाल्या तरी दोन मिळाल्या.

सरकारी नोकरीत ८ नैमित्तिक आणि ३० अर्जित रजा असतात. पण रजेच्या नियमांतच लिहिले आहे की रजा हक्क म्हणून मागता येत नाही, कामाच्या निकडीमुळे ती नाकारता येते. म्हणून तिथे भांडणापेक्षा बदलीची व्यवस्था जास्त चालते. आणि इथे एक जुने दुखणे सांगायलाच हवे.

“तुमची दिवाळी नसते ना? मग दिवाळीच्या ड्युट्या तुम्हीच करा.” हे वाक्य न ऐकलेली आपली सिस्टर, आया, सफाई कामगार आम्हाला अजून भेटायची आहे. (आपल्या घरातली पोरे फराळाला कमी नसतात, ते वेगळे!) आम्हीही वर्षानुवर्षे लक्ष्मीपूजनाच्या नाइट केल्या. त्याचे वाईट वाटले नाही, पेशंटला सण नसतो. वाईट वाटले ते दसऱ्याला आणि ६ डिसेंबरला रजा मागितल्यावर ‘तुम्हाला एवढ्या सुट्ट्या कशाला’ हे ऐकून. दिवाळीची ड्युटी आपण भीडेपोटी फुकट देऊन टाकतो, ही आपली चूक. ती अदलाबदल म्हणून द्या, आणि ऑगस्टमध्येच द्या. आम्ही शेवटी तेच केले. ड्युटी लिस्ट लागण्याच्या आधी तिघींनी मिळून अर्ज लिहिला. दिवाळीचे तीन दिवस आम्ही करू, त्या बदल्यात विजयादशमीला जोडून अमुक अमुक सिस्टर आमच्या ड्युट्या करतील, खाली दोन्ही बाजूंच्या सह्या. मेट्रननी तो कागद दोनदा वाचला आणि मान्य केला. त्यांचेही काम हलके झाले होते. त्या वर्षी पहिल्यांदा आम्ही डबल न करता नागपूरला गेलो.

घरकाम करणाऱ्या भगिनींना यातला एकही कायदा कामाला येत नाही. त्यांच्याकडे बोनसची भीती घालतात, दसरा-दिवाळीला दांडी मारलीस तर बोनस विसर. आमच्या वस्तीतल्या एका बिल्डिंगमधल्या चौघींनी आपसात ठरवून घेतले आहे. दोघी विजयादशमीला जातात, दोघी ६ डिसेंबरला. जी जाते तिची भांडी दुसरी घासते, झाडू-पोछा राहतो. कोणाच्या घरी कोण येईल हे मॅडमला पंधरा दिवस आधी सांगतात. कुरकुर होते, काम जात नाही.

रजा मिळाली की ती घ्यायची कशी, हेही बघायला हवे. कार्यक्रम दोन दिवसांचा असेल तर रजा तीन दिवसांची मागा. तिसरा दिवस झोपेचा. तो नातेवाइकांकडे घालवू नका.

बीपी, शुगरच्या गोळ्या प्रवासाचे दिवस मोजून, वर दोन दिवसांच्या जास्त घेऊन खांद्याच्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगेत नको, ती गर्दीत कुठे जाईल सांगता येत नाही. इन्सुलिन उन्हात राहू देऊ नका. गाडीत लघवीची सोय नाही म्हणून पुष्कळ जणी बीपीची लघवीवाटे पाणी काढणारी गोळी बंद करतात आणि पाणीही पीत नाहीत. दोन्ही चुकीचे आहे. गोळीची वेळ बदलायची असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, पण बंद करू नका. पाणी तोडले की लघवीला जळजळ, ताप, आणि पुढचा आठवडा आजारपणात. जुलाब लागले तर ओआरएसची पुडी जवळ हवी. नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. रांगेत तासन्तास उभे राहून पाय सुजतात, म्हणून टाचा वर-खाली करत राहा आणि बसायला मिळाले की पाय पिशवीवर उंच ठेवा. एकाच पायाला सूज आली आणि पोटरी दुखू लागली तर मात्र थांबू नका, वैद्यकीय मदतीच्या मंडपात दाखवा. छातीत दाब आला, हात-पाय लुळा वाटला, बोलणे अडखळले, तरीही तसेच. ‘दर्शन झाल्यावर बघू’ म्हणू नका.

परत आल्यावर पहिली ड्युटी मॉर्निंगची मागा, आणि हेही त्या ऑगस्टच्या अर्जातच लिहा. नाइट लागलीच, तर दुपारी दार लावून, फोन बंद करून चार तास झोपा. नागपूरचे फोटो बघायला शेजारणी संध्याकाळी येतील.