वाचनखुणांची वही

ग्रंथांत मोरपीस ठेवून आपण पान राखितों. संगणकावर वाचलेल्या पानांसाठीं 'बुकू' हा विनामूल्य प्रोग्राम तेंच काम करितो. कमांड लाइनवर त्याचें नांव, जोडण्याची आज्ञा, पानाचा पत्ता व शेवटीं 'वेरूळ, कैलास' असे खुणेचे शब्द टंकावे. शीर्षक तो आपणच आणितो आणि सारें आपल्याच संगणकावरील एका फाइलींत नोंदितो. पुढें 'कैलास' शोधिलें कीं नोंद क्रमांकासह हजर!

क्रमांक मात्र पाठ करूं नये. १० नोंदींतील ३ री खोडिली, तर १० वी उचलून ३ च्या जागीं बसविली जाते. सहलीपूर्वीं, खोडली कीं नाहीं या शंकेनें, मीं ३ हाच आंकडा पुन्हां दिला, विचारणा न वाचतां होकार भरला, आणि वेरूळचीच नोंद गमावली. आतां आधीं शब्दानें शोधितों, मग खोडितों.