हळदीचा बॉयलर : काट्यावरील दाब व एकूण दाब

वसमत परिसराची हळद सर्वदूर प्रसिद्ध आहे. २०२४ मध्ये ‘वसमत हळदी’स भौगोलिक मानांकनही लाभले. हा लौकिक टिकवावयाचा तर हळद शिजविण्याकडे विशेष लक्ष पुरविले पाहिजे. हळद कमी शिजल्यास वाळल्यावर ठिसूळ होते आणि जास्त शिजल्यास तिचा रंग बिघडतो. काहिलीऐवजी आता वाफेचा उपयोग होऊ लागला आहे. परंतु बॉयलरवरील दाबमापकाचा नेमका अर्थ पुष्कळांस ठाऊक नसतो.

काटा काय दाखवितो?

हवेस वजन असल्यामुळे ती प्रत्येक वस्तूवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब देते. दाबमापकात एक वाकडी पोकळ नळी असते. फ्रान्समधील बूर्दों याने १८४९ साली या रचनेचे एकस्व घेतले. आतील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून वाढला म्हणजे नळी सरळ होऊ लागते व काटा फिरतो. म्हणजेच काटा केवळ आतील व बाहेरील दाबांतील फरक दाखवितो. त्यात हवेचा १ किलो मिळविला की एकूण, म्हणजेच निरपेक्ष दाब मिळतो. काटा १ वरून २ वर गेल्यास दाब दुप्पट झाला असे नव्हे. तो २ वरून ३, म्हणजे दीडपट झालेला असतो.

कोणता दाब कोठे विचारात घ्यावा?

वाफेचे तापमान एकूण दाबावर ठरते. काटा शून्यावर असता उकळते पाणी सुमारे ९९ अंश सेल्सिअस, अर्ध्यावर १११, एकवर १२० आणि दोनवर १३३ अंश असते.

झाकणावरील जोर मात्र काट्यावरील दाबाने ठरतो. ६० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर काटा १ असता सुमारे २८ क्विंटल जोर येतो. काटा अवघा ०.१ दाखवीत असला तरी हा जोर २८० किलो असतो.

पिंपातील स्थिती

हळदीच्या पिंपास वाफ बाहेर जाण्यास वाट मोकळी असते. त्यामुळे तेथील एकूण दाब सुमारे १ व तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहते. बॉयलरचा काटा २ वर नेल्याने हळद अधिक तापत नाही. धोका मात्र वाढतो. हळद लवकर शिजण्यास वाफेचा पुरवठा भरपूर हवा, दाब नव्हे.

दक्षता

१. काटा शून्यावर आल्याखेरीज झाकण सैल करू नये. काटा १ असता दाब एकाएकी सुटल्यास दर १०० किलो पाण्यातील सुमारे साडेतीन किलो पाण्याची तत्क्षणी वाफ होते व ती सुमारे सहा घनमीटर जागा व्यापते. जवळच्या माणसास जीवघेणी इजा होण्यास एवढे पुरेसे आहे.

२. काटा शून्यावर असला तरी पाणी ९९ अंशांचे असू शकते, हे विसरू नये.

३. काम संपल्यावर, काटा शून्यावर येताच, हवेची तोटी उघडावी. बंद भांड्यात वाफेचे पाणी होऊन आतील दाब हवेच्या दाबाहून कमी होतो. साधा काटा शून्याखाली जात नाही. पण बाहेरील हवेच्या दाबाने पातळ पत्रा आत दबू शकतो.

४. सुरक्षा-झडप बांधून ठेवू नये, किंवा तिच्यावर वजन ठेवू नये.

हळद शिजली की नाही हे काट्यावरून ठरवू नये. बोटाने दाबून किंवा काडी टोचून पाहावे. काडी सहज आत गेली की वाफ बंद करावी.